सोळा चॅनेल, एक लाख रुपये

डिजिटल मिक्सर उलटा ठेवून त्याचा तळ काढला की आधी नजरेत भरतात त्या फेडरच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या दांड्यांच्या, मोटारी. सोळा चॅनेलच्या सोळा आणि मास्टरची एक, अशा सतरा. प्रत्येकीला बारीक दातेरी पट्टा, पट्ट्यावर सरकणारी दांडी, आणि दांडीला बोट लागल्याचं बोर्डाला कळावं म्हणून केसासारखी वायर. ऑपरेटरने ‘सीन’, म्हणजे साठवून ठेवलेली मांडणी, बदलला की सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि दांड्या आपापल्या जागी पळवतात. तेवढ्या क्षणात पॉवर सप्लायवर येणारा झटका आवरला नाही तर बोर्ड रीसेट होतो, आणि भर कार्यक्रमात स्पीकर मुके. पुण्यातल्या ज्या छोट्या वर्कशॉपमध्ये मी हे पाहत होतो, तिथल्या दोघा इंजिनिअरांना या एका झटक्यापायी सप्लाय बदलावा लागला. नवा सप्लाय जड आहे आणि महागही.

दोघांना भारतात स्वस्त डिजिटल मिक्सर बनवायचा आहे. सोळा चॅनेल, ग्राहकाला एक लाखात. मंडपवाले, लग्नाचे ऑर्केस्ट्रा, नाटकाचे ठेकेदार, भजनी मंडळं, हे त्यांचं गिऱ्हाईक. हिशेब भिंतीवरच्या फळ्यावर मांडलेला. लाखातला १८ टक्के जीएसटी काढला की उरतात ८४,७४६. डिस्ट्रिब्युटर आणि डीलर मिळून तीस टक्के घेतील असं धरलंय. राहिले एकोणसाठ हजारांच्या आसपास. त्यातून पगार, भाडं, वाहतूक, वॉरंटी आणि डिझाइनवर आधीच झालेला खर्च वजा केला की सुट्या भागांना जेमतेम पंचवीस हजार उरतात. एवढ्यात सतरा फेडर, सोळा प्रीअँप, कन्व्हर्टर, डीएसपी, टचस्क्रीन आणि पत्र्याची बॉडी बसवायची. त्यात हजार नगांचा भाव वेगळा आणि शंभर नगांचा वेगळा. यांना शंभरच हवे असतात.

या धंद्यात उतरणाऱ्याची गाठ शेवटी बेहरिंगर कंपनीच्या एक्स ३२ शी पडते. २०१२ साली आलेला हा मिक्सर: ३२ माइक इनपुट, २५ मोटारी फेडर, आणि किंमत तीन हजार डॉलरच्या आत. एवढ्या ताकदीच्या कन्सोलला त्याआधी कितीतरी जास्त मोजावे लागत. लोक किमतीचंच बोलतात. पण ती किंमत ज्यातून आली ते सगळं कंपनीने आधी उभं केलं होतं. चीनमधल्या चोंगशानला तिचा स्वतःचा कारखाना होता, म्हणजे फेडरपासून पत्र्यापर्यंतची घासाघीस लाखो नगांच्या जोरावर. आणि २००९ च्या अखेरीस तिच्या मूळ समूहाने मायडस हे मिक्सरमधलं जुनं, मानाचं ब्रिटिश नाव विकत घेतलं होतं. एक्स ३२ चे प्रीअँप मायडसच्या डिझाइनचे, असं सांगता आलं आणि ‘स्वस्तातला माल’ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या नावाला वजन आलं. पुण्यातल्या दोघांना प्रीअँप बनवता येतो, चांगला येतो. त्यावर लिहायला नाव नाही.

फेडर इतके महाग, तर काढूनच टाकावेत का? हा विचारही जुनाच. २०१२ मध्येच मॅकी कंपनीने डीएल १६०८ हा मिक्सर आणला. फेडर एकही नाही. आयपॅड मिक्सरमध्ये सरकवायचा आणि त्याच्या पडद्यावर बोट फिरवायचं. कल्पना झकास होती. पण त्याच वर्षीच्या शरद ऋतूत ॲपलने रुंद सॉकेट सोडून नवं चिमुकलं लाइटनिंग आणलं, आणि मॅकीला खाचेची नवी आवृत्ती काढावी लागली. पडदा दुसऱ्याचा असला की असंच व्हायचं.

आत चिपा कुठल्या बसवायच्या हेही आपल्या हातात राहत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानच्या नोबेओका शहरात असाही कासेईच्या चिप कारखान्याला आग लागली आणि जगभरच्या ऑडिओवाल्यांची कन्व्हर्टरसाठी, म्हणजे आवाजाचे आकडे करणाऱ्या चिपांसाठी, पळापळ झाली. एक कन्व्हर्टर काढून दुसरा बसवणं म्हणजे बल्ब बदलणं नव्हे. पाय वेगळे, व्होल्टेज वेगळं, म्हणजे बोर्ड नव्याने आखायचा, नव्याने छापायचा, नव्याने तपासायचा. मोठ्या कंपनीकडे महिनोन्‌महिन्यांचा साठा करण्याइतका पैसा असतो. छोट्याने साठा केला तर पगार थांबतात.

हे सगळं मी कराडकडच्या एका साऊंडवाल्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला गोडाऊनमध्ये नेलं. गणपती नुकतेच उरकलेले. एका मिक्सरच्या फेडरच्या खाचेत त्यांनी ब्रश फिरवला, तर ब्रश गुलाबी झाला. “मिरवणुकीत गुलाल कुठं जाईल ते सांगता येत न्हाई बघा. दांडी अडली की मोटार गुरगुरत बसती.” मग ब्लोअरने एकेक खाच साफ करत त्यांनी खरी अडचण सांगितली. आर्टिस्टबरोबर मुंबईचा ऑपरेटर येतो तो खिशात पेनड्राइव्ह घेऊन. त्यात मागच्या शोचा सीन असतो. तो लावला की अर्धं काम झालं. एक्स ३२ ची फाइल दुसऱ्याच्या मिक्सरला वाचता येत नाही. “आमच्या पोरांचा हातबी त्यावरच बसलाय. अंधारात सुद्धा बटन सापडतंय. तुमचा मिक्सर चांगला असंल ओ, पर ऐन सीझनला शिकवायचं कुणी?”

मला वाटतं, नव्या कंपन्या इथेच चुकतात. त्या पत्रकात इनपुट-आउटपुट मोजून दाखवतात, आणि साऊंडवाला विकत घेतो ती पोरांच्या बोटांची सवय. ती सवय मोडायची तर नुसतं बरं असून भागत नाही. फुकट अपडेट वर्षानुवर्षं द्यावे लागतात. एक्स ३२ ला ते मिळत गेले. पुण्यातल्या दोघांपैकी एकजण आत्ताच दिवसभर ॲपमध्ये बुडालेला असतो. पाच हजार माणसांच्या गर्दीत प्रत्येकाच्या खिशात मोबाइल, वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा तुंबलेला, आणि त्यात स्टेजपाशी उभ्या ऑपरेटरचा टॅब तुटता कामा नये. वर मिक्सरमध्येच वाय-फाय ठेवायचं तर दिल्लीच्या डब्ल्यूपीसी या रेडिओलहरींच्या सरकारी कार्यालयाची मंजुरी लागते. शंभर नगांना तेवढंच कागदकाम, लाखालाही तेवढंच.

साऊंडवाल्यांचा शेवटचा प्रश्न अगदी सरळ होता. विसर्जनाच्या आदल्या रात्री बंद पडला तर? कुरिअरने पुण्याला पाठवून उपयोग नाही, दोन तासांत दुसरा हवा. दोघांनी त्यावर तोडगा काढला: पहिल्या शंभर नगांतले दहा विकायचेच नाहीत; कोल्हापूर, सातारा, नाशिक अशा ठिकाणी डीलरकडे राखीव ठेवायचे. हा बोजा उरलेल्या नव्वदांवर टाकला आणि फळ्यावरची किंमत एक लाख आठ हजार झाली. मी फोन करून ती कराडला कळवली.

“एक लाख आठ?” ते म्हणाले. “मग साहेब, त्यात थोडं घातलं की जुना एक्स ३२ येतोय की.”