देवभूमीच्या वाटेवर : लेखांक ६
मुक्काम उखीमठ

गेल्या आठवड्यात आपण रुद्रप्रयागच्या संगमापाशी थांबलो होतो. तिथून एक रस्ता अलकनंदेच्या काठाने बदरीनाथकडे जातो, दुसरा मंदाकिनीच्या काठाने केदारखोऱ्यात शिरतो. आज त्या दुसऱ्या रस्त्याने निघायचं आहे. मात्र केदारनाथला जायचं नाही, निदान पहिल्या दिवशी तरी नाही. आधी उखीमठला उतरायचं.

पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या बहुतेक यात्रा उखीमठला थांबतच नाहीत. हरिद्वार, सोनप्रयाग, गौरीकुंड, वर केदारनाथ, खाली उतरून बदरीनाथ, परत. रजा मोजकी, आरक्षणं आधीच झालेली, त्यामुळे प्रत्येक दिवसावर एक देऊळ लिहिलेलं असतं. दर्शन होतं, नाही असं नाही. पण या डोंगरातली उपासना कशी चालते, कोण चालवतं, कोणत्या क्रमाने चालते, यातलं काहीच हाती लागत नाही. माझं म्हणणं असं, की इथला देव वर्षभर एका जागी राहत नाही, तर आपला बेतही त्याच्या येण्याजाण्याभोवती आखावा. आधी देवाचं पंचांग पाहावं, मग रेल्वेचं वेळापत्रक.

हे पंचांग असं आहे. केदारनाथाचं देऊळ भाऊबीजेच्या सकाळी बंद होतं. गाभाऱ्यातलं स्वयंभू लिंग तिथंच राहतं. पूजेची उत्सवमूर्ती डोलीत बसवून खाली आणतात. पहिली रात्र रामपूर, दुसरी गुप्तकाशी आणि तिसऱ्या दिवशी उखीमठचं ओंकारेश्वर मंदिर. सहा महिने केदारनाथाची पूजा इथे होते. महाशिवरात्रीला याच मंदिरात पंचांग पाहून केदारनाथ उघडण्याचा दिवस जाहीर करतात. एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात डोली पुन्हा निघते. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी इथे भैरवनाथाची पूजा होते, कारण वरच्या धामाचा राखणदार तो. मग ढोल, दमाऊ आणि भंकोऱ्याच्या आवाजात डोली गुप्तकाशी, फाटा, गौरीकुंड असे मुक्काम करत वर पोहोचते. आषाढात पादुका घेऊन निघणाऱ्या पालख्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना मुक्कामाच्या गावातली लगबग ओळखीची वाटेल. रस्त्यातली माणसं पुढे येतात, डोलीला खांदा देतात, थोडं अंतर चालून मागे वळतात.

पंचकेदारांपैकी चौघांचं असं हिवाळी घर ठरलेलं आहे. मदमहेश्वरही उखीमठलाच येतो. तुंगनाथ मक्कूमठच्या मार्कंडेय मंदिरात जातो, रुद्रनाथ गोपेश्वरच्या गोपीनाथ मंदिरात. पाचवा कल्पेश्वर मात्र कुठेच जात नाही. ऊर्गम खोऱ्यातलं त्याचं गुहेतलं स्थान बाराही महिने उघडं असतं. कथा सगळ्यांना ठाऊक आहे : पांडवांना टाळण्यासाठी शिवाने बैलाचं रूप घेतलं, तो जमिनीत गडप झाला आणि पुन्हा पाच ठिकाणी प्रकटला. केदारला पाठ, मदमहेश्वरला नाभी, तुंगनाथला बाहू, रुद्रनाथला मुख, कल्पेश्वरला जटा.

आता बेताचा प्रश्न. मदमहेश्वर आणि तुंगनाथ कधी उघडणार ते वैशाखीला ठरतं. मदमहेश्वर आणि रुद्रनाथ साधारणपणे मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास उघडतात. बंद होताना रुद्रनाथ सर्वांत आधी, ऑक्टोबरच्या मध्यावर कार्तिक संक्रांतीच्या सुमारास. तुंगनाथ नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मदमहेश्वर नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. म्हणजे पाचही उघडे सापडायचे तर मेच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचाच काळ. त्यातून जुलै आणि ऑगस्ट वजा करा. उरतो जूनचा पहिला भाग आणि सप्टेंबरच्या मध्यापासून पुढचा महिना. मला विचाराल तर दुसरा. पावसाने धुतलेली हवा, हिरवी कुरणं, चौखंबाची शिखरं स्वच्छ, आणि गर्दी जूनच्या मानाने पुष्कळ कमी.

जुलै-ऑगस्ट वजा करा हे इतक्या ठामपणे लिहितो, त्याला कारण आहे. जून २०१३ मध्ये चोराबारी तलाव फुटून केदारनाथवर जे कोसळलं ते सर्वांना आठवतं. पण दरवर्षीचा धोका लहान आणि जास्त नेमाचा असतो : दरड, तुटलेला रस्ता, वाहून गेलेला पूल. ऑगस्ट २०२३ मध्ये मदमहेश्वरच्या वाटेवरचा पूल वाहून गेला आणि पलीकडे अडकलेल्या यात्रेकरूंना हेलिकॉप्टरने काढावं लागलं.

इथे मराठी माणसाची एक गफलत हमखास होते. श्रावणी सोमवारी केदारनाथ गाठावा असं मनात येतं आणि आपलं कॅलेंडर पाहून तारीख ठरते. पण गढवालचा व्यवहार सौर महिन्यांवर चालतो. तिथला सावन जुलैच्या मध्यावर कर्क संक्रांतीला लागतो आणि ऑगस्टच्या मध्याला संपतो. आपला श्रावण सुरू होतो तोवर त्यांचा बराच उलटून गेलेला असतो. महाशिवरात्र मात्र एकाच दिवशी येते, आपण माघ म्हणतो आणि उत्तरेत फाल्गुन म्हणतात इतकंच. भाऊबीजेतही फरक नाही. तेव्हा सणावरून बेत आखायचा असेल तर हे दोन दिवस धरावेत.

उखीमठ समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटरवर आहे, केदारनाथ ३५८३ मीटरवर. पायी वाट गौरीकुंडापासून सुरू होते आणि एका दिवसात माणूस १६०० मीटर वर चढतो. आदल्या दिवशी हरिद्वारच्या उकाड्यात असलेल्या शरीराला हे झेपत नाही. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही विरळ हवेची लक्षणं असतात आणि ती अंगावर काढणं जिवावर बेतू शकतं. त्रास वाढला तर खाली उतरणं हाच उपाय, दर्शन राहिलं तरी. आधी दोन रात्री उखीमठला काढल्या तर निदान प्रवासाचा शीण उतरतो. मग चोपत्याहून तुंगनाथला जाऊन यावं. चढण जेमतेम चार किलोमीटरची, उंची मात्र ३६८० मीटर, केदारनाथाहूनही जास्त. दर्शन घेऊन त्याच दिवशी खाली आलं की शरीराला वरच्या हवेची ओळख होते. केदारनाथ त्यानंतर ठेवावा.

आणि त्या दोन रात्री वाया जात नाहीत. ओंकारेश्वर मंदिराच्या आवारात बाणासुराची कन्या उषा आणि कृष्णाचा नातू अनिरुद्ध यांच्या विवाहाची जागा दाखवतात. गावाचं नावही उषेवरून आलं असं इथे मानतात. समोर मंदाकिनीपलीकडे गुप्तकाशीचं विश्वनाथ मंदिर. जवळच कालीमठ आहे, तिथे मूर्ती नाही, पूजा होते ती यंत्राने झाकलेल्या कुंडाची. सारी गावातून थोडी चढण चढली की देवरिया ताल लागतो. पाच केदारांपैकी तिघांची वाट उखीमठच्या परिसरातूनच फुटते : गौरीकुंडहून केदारनाथ, रांसीहून मदमहेश्वर, चोपत्याहून तुंगनाथ.

उखीमठशी आपला एक जुना धागाही आहे. केदारनाथचे रावळ, म्हणजे तिथले धर्मप्रमुख, वीरशैव जंगम परंपरेतले, दक्षिणेकडून आलेले असतात आणि केदारपीठ वीरशैवांच्या पाच पीठांपैकी एक. सोलापूर, लातूर, नांदेड भागातल्या अनेक घरांना हे सांगावं लागणार नाही. रावळ स्वतः केदारनाथची नित्यपूजा करत नाहीत. ते ज्यांना नेमतात ते पुजारी ती करतात. रावळांचं स्थान उखीमठला. २०२० च्या टाळेबंदीत तेव्हाचे रावळ नांदेडला होते. तिथून ते रस्त्याने उखीमठला पोहोचले, विलगीकरणात राहिले, आणि देऊळ ठरलेल्या दिवशी, २९ एप्रिलला उघडलं. हिमालयातल्या देवळाचा कारभार मराठवाड्याशी इतका जोडलेला असावा, हे मला फार मोलाचं वाटतं.

राहायला मोठं हॉटेल शोधू नका. सारी आणि रांसीसारख्या गावांत लोक घरातल्या खोल्या यात्रेकरूंना देतात. पैसा गावात राहतो आणि आपल्याला घरचं जेवण मिळतं. मंडुव्याची भाकरी म्हणजे आपली नाचणीचीच. गहतची डाळ म्हणजे कुळीथ, कोकणातल्या माणसाला पहिल्या घासातच कळेल. झंगोऱ्याची खीर मागून घ्या, धान्य वरईच्या जातकुळीतलं आहे. संध्याकाळी चुलीपाशी बसायला मिळालं तर पांडवनृत्याबद्दल विचारा. पिकं घरात आल्यावर, थंडीच्या महिन्यांत या खोऱ्यातल्या गावांत पांडव नाचवतात, चक्रव्यूहाचा खेळ करतात. भीम, अर्जुन, द्रौपदी यांची पात्रं ज्यांच्या अंगात येतात ती गावातलीच माणसं असतात. पांडवांची कथा इथे पोथीपेक्षा या नाचात जास्त जिवंत आहे.

बुग्यालांबद्दलही लिहायला हवं. बुग्याल म्हणजे झाडांची रेषा संपल्यावर लागणारी उंचावरची कुरणं. रुद्रनाथच्या वाटेवरचं पनार त्यातलं एक. तिथली माती पातळ, गवत उगवायला मिळणारे महिने थोडे. तंबूंच्या खुंट्यांनी आणि माणसांच्या पायांनी ती उखडली की वर्षानुवर्षं भरत नाही. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. कुणी तंबूचा मुक्काम विकत असेल तर तो नेमका कुठे आहे हे विचारून घ्या, आणि बुग्यालावर असेल तर नकार द्या.

केदारनाथसह चारधामसाठी राज्य सरकारकडे यात्रेकरूंची नोंदणी सक्तीची आहे. ती निघण्याआधीच करावी. ऋषिकेशहून उखीमठ सुमारे १८० किलोमीटर, डोंगरी रस्त्याने पूर्ण दिवसाचा प्रवास. अंधार पडल्यावर या रस्त्यावर गाडी घालू नये.

घरात गुडघे धरलेली आई किंवा दम्याचे वडील असतील, तर डिसेंबर ते मार्चमध्ये त्यांना थेट ओंकारेश्वरला घेऊन या. वर केदारनाथ बर्फाखाली असतो आणि तोच देव इथे, मोटाररस्त्यावरच्या गावात पूजा घेत असतो. स्थानिक भाविक या दर्शनाला उणं मानत नाहीत. घोडा, कंडी (माणसाला पाठीवर वाहून नेण्याची टोपली), रांग यांतलं काही लागत नाही, पुजाऱ्यांनाही बोलायला सवड असते. थंडी कडक असते, तेव्हा लोकरीचे कपडे आणि नेहमीची औषधं पुरेशी घ्या. वर चोपत्याच्या रस्त्यावर बर्फ असतो, तिकडे जाण्याआधी उखीमठच्या गाडीवाल्यांना विचारा. ते नको म्हणाले तर जाऊ नका.

पुढच्या लेखांकात चोपत्याहून मंडल आणि गोपेश्वर, म्हणजे रुद्रनाथची वाट.