एकशे चौदा पानं

मराठी विभागाच्या खोलीवर थेट गच्ची. एप्रिलच्या दुपारी साडेबाराला पंखा फक्त गरम हवा ढवळतोय. चार टेबलं एकत्र सरकवलेली. त्यांवर फुलस्केप कागदांचे गठ्ठे, आणि ते उडू नयेत म्हणून वर डस्टर, पाण्याची बाटली, कुणाचं तरी हेल्मेट. महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचं संपादक मंडळ कामाला लागलंय. मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव. परीक्षा सुरू झाल्यात आणि सुट्टीआधी अंक छापायला गेलाच पाहिजे.

एका टेबलावर कवितांची चाळणी चालू आहे. एक ढीग आईवरच्या, एक पावसावरच्या, एक प्रेमाच्या. प्रेमाचा सगळ्यांत जाड, आणि त्यातल्या निम्म्या टोपणनावाने आलेल्या. बी.ए.चा एक मुलगा संशय आला की ओळ मोबाइलवर शोधतो.

"ही व्हॉट्सॲपवरची." कागद टेबलाखाली जातो.

"हा लेख चॅटजीपीटीचा."

"कशावरून?"

"आपल्यात 'बहुआयामी' कोण लिहितं?"

हशा पिकतो. तरी लेख फेकत नाहीत. लिहिणाऱ्याला बोलावून विचारायचं ठरतं. मला हे आवडतं. मोठ्या मासिकांत एवढी विचारपूस कुणी करत नाही.

खिडकीपाशी दोघी समोरासमोर बसल्यात. एक एम.ए.ची, यंदाची विद्यार्थी संपादक. दुसरी पहिल्या वर्षाची. मध्ये चार पानी लेख, निळ्या शाईत, ओळी थोड्या उतरत्या. दिवाळीनंतर आईवडील मुकादमाची उचल फेडायला कारखान्यावर जातात, मुलगी आजीपाशी राहते. पाचटाने चिरलेले आईचे हात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवलेली भांडी, पत्रे, शेळी. संपादकाच्या हातात मुद्दाम पेन्सिल आहे. पटलं नाही तर खोडता येतं.

"शेवटचा परिच्छेद काढू या का?"

"का, ताई?"

"आई ट्रॉलीत चढते, रेशनकार्ड तुझ्या हातात देते. तिथं संपलं की. पुढं तू भाषण केलंयस."

"सरांना आवडंल म्हणून."

"सरांना वरचंच आवडेल."

मुलगी बराच वेळ कागदाकडे बघते. मग स्वतःच पेन घेते आणि सात ओळींवर तिरपी रेघ मारते. लगेच दुसऱ्या पानावर बोट ठेवते. आजीच्या तोंडचं 'लई' कुणीतरी खोडून वर 'खूप' लिहिलंय.

"मग हे माझं मला परत द्या."

'खूप' रबराने पुसलं जातं. भिंतीवर शुद्धलेखनाच्या नियमांचा तक्ता आहे, १९६२चे चौदा आणि १९७२ साली वाढवलेले चार. ऱ्हस्व-दीर्घाचं भांडण झालं की सगळे त्याच्याकडे मान वळवतात. आत्ता कुणी वळवत नाही.

दोन वाजता तिघं एका मोटारसायकलवरून छापखान्याच्या गल्लीत निघतात. मी पायी. डांबर चपलेला चिकटतंय. डीटीपीच्या दुकानासमोर रांग आहे आणि ती सगळी लग्नाची. नवरदेवाचे मामा पत्रिकेतल्या 'आपले विनीत'मध्ये राहिलेली नावं सांगतायत. कूलरमधलं पाणी संपलंय. अंकवाल्यांना मामांच्या मागे उभं राहावं लागतं. प्रत्येक मामाला आणखी एक नाव आठवतं.

पाऊण तासाने नंबर लागतो. मुलांनी मजकूर मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केलाय. दुकानात अजून पेजमेकर चालतं. त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची, त्याला युनिकोड कळत नाही. मजकूर श्रीलिपीत वळवताना रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. कागदी प्रुफावर लाल पेनने पुन्हा सगळं बघायचं. एक वाचतो, दुसरी खूण करते, तिसरा बाहेरून लिंबूसरबत आणतो.

ऑपरेटर भाऊ पानं मोजतात. "एकशे चौदा."

"मग?"

"सोळा पानांचा एक फॉर्म. सात फॉर्मचे एकशे बारा. दोन पानं काढा, नाहीतर अर्धा फॉर्म वाढवा. म्हणजे अजून सहा पानांचा मजकूर आणा आणि पैसे आणा."

पैशाचं नाव निघताच काढायचं ठरतं. पण काय? राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी, जिमखाना यांच्या अहवालांना हात लावायचा नाही, ते प्राचार्यांनी बघून दिलेत. कथा काढली तर वाद. टाइप साडेअकरा पॉइंट करून एक पान सुटतं. ऊसतोडीच्या लेखाखाली आता बोटभर जागा मोकळी झालीय. बी.ए.चा मुलगा तिथं एक चारोळी बसवायला बघतो.

"पावसावरची? याच्याखाली नको."

"जागा वाया जाईल."

"जाऊ दे."

दुसरं पान मग संपादकीयातून निघतं. तीन पानांचं होतं. लिहिणारी स्वतःच स्क्रीनसमोर बसते आणि कोरोनापासून सुरू होणारा सगळा पूर्वार्ध उडवते. दोन पानं उरतात. ती एकदा वाचते. मघाशी खिडकीपाशी गप्प झालेल्या मुलीसारखीच गप्प होते. मग म्हणते, "करा सेव्ह."

"एकशे बारा," ऑपरेटर जाहीर करतात. "मुखपृष्ठ कुठंय?"

तिघं एकमेकांकडे बघतात. मागून पुढचा मामा पाकीट घेऊन पुढे सरकलाय. चित्र काढणाऱ्या मुलाला फोन लागतो, वाजतो, कुणी उचलत नाही. त्याचा आज अर्थशास्त्राचा पेपर आहे, पाचला सुटेल.