सुई लागली म्हणजे संपलं नव्हे. पण सिरिंजची टोपी लाल की केशरी, हे आधी बघा

बेळगाव : "सुई लागली की संपलंच की ओ," हे वाक्य दवाखान्याबाहेरच्या बाकावर हमखास कानावर पडतं. शुगरचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं की घरात सुतक असल्यासारखं होतं. शेजारच्या काकू येऊन सांगतात, एकदा सवय लागली की सुटत नाही. मग चिठ्ठी आठ दिवस देवाच्या फोटोमागे तशीच राहते.

सवय लागायला ती काही दारू नव्हे. इन्सुलिन प्रत्येकाच्या स्वादुपिंडात तयार होतं आणि रक्तातली साखर पेशींपर्यंत पोचवतं. मुलांत आणि तरुणांत जास्त दिसणाऱ्या टाइप वन मधुमेहात ते जवळपास तयारच होत नाही. त्यामुळे तिथे इंजेक्शनला पर्याय नाही आणि चुकवणं जिवावर बेततं. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत १४ वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं. त्याआधी अशी मुलं फार काळ जगत नसत. टाइप टूमध्ये गोळ्या पुरेनाशा झाल्या की इन्सुलिन येतं. ऑपरेशन, मोठा संसर्ग किंवा गरोदरपण असेल तर काही काळापुरतं देऊन नंतर बंदही केलं जातं. बंद कधी करायचं ते मात्र डॉक्टरांनी ठरवायचं, शेजाऱ्यांनी नव्हे.

खरी गडबड होते ती मेडिकलच्या काउंटरवर. आपल्याकडे बाटलीत मिळणारं इन्सुलिन बहुतेक यू-४० असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. पेनच्या कार्ट्रिजमधलं यू-१०० असतं, म्हणजे तेवढ्याच थेंबांत १०० युनिट. दोन्हीच्या सिरिंज वेगळ्या : यू-४० ची टोपी लाल, यू-१०० ची केशरी. आता हिशेब बघा. डॉक्टरांनी २० युनिट सांगितलेत. यू-४० ची बाटली आणि हातात केशरी टोपीची सिरिंज असेल, तर २० च्या रेघेपर्यंत भरूनही अंगात जातात फक्त ८ युनिट. साखर उतरत नाही आणि दोष औषधावर जातो. उलटं झालं, म्हणजे यू-१०० चं औषध लाल टोपीच्या सिरिंजमध्ये भरलं, तर २० च्या जागी ५० युनिट जातात. अशा वेळी माणूस झोपेतच बेशुद्ध पडू शकतो. पेन बिघडला म्हणून कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध ओढणं हा याच चुकीचा घरगुती प्रकार. आखातातून कुणी नातेवाइकाने बाटली आणली असेल तर तिच्यावरचा आकडा आधी वाचावा, कारण परदेशात बाटलीही सहसा यू-१०० असते.

सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. बऱ्याच वयस्क मंडळींचं शिक्षण मराठीत झालेलं, खोक्यावरची अक्षरं इंग्रजीत आणि सरकारी माहितीपत्रक कन्नडमध्ये. सांगायचं कुणी? सोपा उपाय म्हणजे मेडिकलवाल्याकडून खोक्यावरच पेनाने मराठीत लिहून घ्यावं : सकाळी किती, रात्री किती, सिरिंज कुठल्या टोपीची.

साखर उतरली तर कुंदा नको

इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण लांबवलं की साखर खाली येते. वडगाव-खासबागेत मागावर बसणाऱ्यांचं जेवण कधी एकला, कधी तीनला. त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना मोकळेपणाने सांगायला हवी, म्हणजे डोसची वेळ तशी बसवता येते. संकष्टी-एकादशीचंही तेच. उपास करायचा असेल तर डोस आधी विचारून घ्यावा. आणि साबुदाण्याची खिचडी हा उपास नव्हेच, साखरेच्या हिशेबाने ते भरपेट जेवण.

दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, एकदम भूक, विनाकारण चिडचिड ही साखर उतरल्याची लक्षणं. मशीनवर आकडा ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. नाही चढली तर पुन्हा तेवढीच. मशीन घरात नसलं तर लक्षणांवरूनच साखर द्यावी, वाट बघू नये. बेळगावच्या घरात कुंदा हाताशी असतो, पण खवा आणि तुपामुळे त्यातली साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालू नये, थेट दवाखाना गाठावा.

एरवी आपल्या ऊसपट्ट्यात "साखर बंद, गूळ चालतो" असं सर्रास म्हणतात. चालत नाही. गूळही साखरच. भाकरी चांगली, पण चार भाकऱ्या चांगल्या नव्हेत.

बाटली कुठे ठेवायची

न फोडलेली बाटली फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यात नको. एकदा गोठलेलं औषध फेकायचंच. वापरात काढलेली बाटली घरातल्या थंड जागी साधारण चार आठवडे टिकते, म्हणून फोडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. १० मिलिच्या यू-४० बाटलीत ४०० युनिट असतात. रोज २० लागत असतील तर ती २० दिवसांत संपते. रोज १० च लागत असतील तर थोडं औषध वाया जाईल, ते जाऊ द्यावं. फ्रीज नसेल तर बाटली डबल पिशवीत घट्ट बांधून माठात ठेवता येते. गाडीच्या डिकीत मात्र कधीच नको.

दुधट दिसणारं मिश्र इन्सुलिन घेण्याआधी बाटली तळहातांत हळू फिरवावी, जोरात हलवू नये. पोटावर रोज एकाच जागी टोचलं तर तिथे गाठ येते आणि औषध नीट शोषलं जात नाही. जागा दोन बोटं सरकवत राहावी. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवून, झाकण घट्ट लावून दवाखान्यात परत द्याव्यात. सकाळच्या घंटागाडीत सुट्या टाकल्या की त्या सफाई कामगाराच्या हातात घुसतात.