सेवा करणारीचं वय

मैत्रिणींनो, घरातलं लांबलेलं आजारपण काढता काढता बाई अकाली थकते, हे आपण बघतोच. त्याची खूण पेशीतही दिसते.

पदराचे दोरे सुटू नयेत म्हणून आपण गोंडे बांधतो. तसे गोंडे पेशीतल्या गुणसूत्रांच्या टोकांनाही असतात. त्यांना टेलोमिअर म्हणतात. एका पेशीच्या दोन होताना ते थोडे झिजतात. फार आखूड झाले, की नव्या पेशी होणं थांबतं.

२००४ साली अमेरिकेत एलिसा एपेल, एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि सहकाऱ्यांनी ५८ आयांच्या रक्तातल्या पेशी तपासल्या. कायम आजारी लेकराची सेवा जितकी जास्त वर्षं, तितके गोंडे आखूड दिसले.

मग सेवा सोडायची का? नाही. पण रात्रीची जागरणं एकटीनंच का? आजच घरात बसून पाळ्या ठरवूया, पुरुषांच्याही.