उसनी त्वचा, आपली त्वचा

‘मी’ नेमका कुठे संपतो, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न. आज तो जरा जमिनीवर आणू या. ‘मी’ची एक सीमा तर रोज आपल्या डोळ्यांसमोर असते, ती म्हणजे त्वचा. ती गेली तर काय होतं?

खोल भाजलेल्या माणसाच्या शरीरातलं पाणी बाहेर जातं आणि जंतू आत येतात. खरा धोका हा. वरची बाह्यत्वचा पुन्हा वाढते. पण खालची अंतस्त्वचाही पूर्ण जळली, तर नव्या पेशी फक्त जखमेच्या कडेनं येतात. जखम मोठी असेल तर त्या मध्यापर्यंत पोचत नाहीत. मग झाकण आणायचं कुठून?

दुसऱ्याची त्वचा लावावी, हा साधा विचार. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाजलेल्या रुग्णांचा अभ्यास करताना पीटर मेडावर यांना दिसलं, की शरीर ती काही दिवसांत झिडकारतं. त्याच दात्याची पुन्हा लावली तर आणखी लवकर. म्हणजे आप-पर शरीराला कळतं आणि लक्षातही राहतं! दात्याची त्वचा आजही वापरतात, पण तात्पुरतं पांघरूण म्हणून.

यातून दोन वाटा निघाल्या.

पहिली, रुग्णाच्याच पेशी वाढवण्याची. १९७५ साली हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स राइनवाल्ड यांनी माणसाच्या बाह्यत्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्या. १९८३ मध्ये अमेरिकेत ९५ टक्क्यांहून जास्त भाजलेली दोन लहान भावंडं अशा पापुद्र्यांच्या मदतीनं वाचली. अडचण एकच, पापुद्रे तयार व्हायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर रुग्णानं तग धरायचा.

दुसरी वाट आयोनिस यानास आणि जॉन बर्क यांची. गाईचं कोलॅजन आणि शार्कच्या कूर्चेतला एक घटक यांची सच्छिद्र जाळी, वर सिलिकॉनचा पातळ पडदा. आता बघा, या जाळीत जिवंत पेशी नाहीत. रुग्णाच्या पेशी आणि रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात, आपली अंतस्त्वचा घडवतात, आणि जाळी हळूहळू विरून जाते. मग सिलिकॉन काढून त्यावर रुग्णाच्याच त्वचेचा पातळ थर लावतात.

म्हणजे ‘कृत्रिम त्वचा’ हा शब्द आपली थोडी फसवणूकच करतो. रथाचं मोडकं चाक काढून नवं बसवावं, तसं हे नाही. इथे बाहेरून मिळतो तो आधार आणि वेळ. त्वचा शरीरच घडवतं.

याचं टोक २०१५ मध्ये जर्मनीतल्या बोखुममध्ये दिसलं. जन्मजात दोषामुळे एका सात वर्षांच्या मुलाची बहुतेक बाह्यत्वचा गळून गेली होती. मिकेले दे लुका यांच्या गटानं त्याच्याच पेशींमध्ये जनुकाची निर्दोष प्रत घातली, त्या वाढवल्या, आणि सुमारे ८० टक्के शरीरावर नवी बाह्यत्वचा आली. जनुक बाहेरचं, पेशी त्याच्या. मग ही त्वचा कुणाची? आम्हा तत्त्वज्ञांना इथे वाद घालता येईल. पण ती त्याच्या अंगावर टिकली आणि स्वतःला नवी करत राहिली, हे उत्तर पुरेसं नाही का?

तरीही मर्यादा विसरू नयेत. या त्वचेत घामाच्या ग्रंथी नसतात, केस नसतात. मोठा भाग असा झाकलेल्या माणसाला उन्हाळा सोसत नाही, स्पर्शही पूर्वीसारखा कळत नाही. शिवाय हे उपचार महाग आहेत. जीव वाचला म्हणजे प्रश्न संपला, असं आपण म्हणतो. पण जगाशी जोडणारं जे हरवलं, ते त्याला परत कसं द्यायचं, यावर अजून बरंच काम बाकी आहे.