लाइनेच्या काठावरून चवदार तळ्याकडे पाहताना

हॅनोव्हरमध्ये राहणाऱ्या आपल्या माणसांना शहराचा पहिला परिचय बहुधा पाण्याच्या काठानेच होतो. भारतातून आई-वडील भेटीस आले की त्यांना पहिल्या रविवारी माशझे तलावाभोवती फिरावयास नेले जाते. सुमारे ७८ हेक्टरांचा हा विस्तीर्ण जलाशय निसर्गाने घडविलेला नाही. १९३४ ते १९३६ या काळात बेरोजगार मजुरांच्या हातांनी तो खोदला गेला, हे ऐकून पाहुण्यांना आश्चर्य वाटते. मात्र ज्या नदीच्या पूरमैदानात हा तलाव खोदला, ती लाइने नदी तलावाला अगदी लागून वाहत असूनही आपल्या नजरेतून बहुधा निसटते. प्रस्तुत लेख त्या नदीविषयी आहे, आणि तिच्याशी असलेल्या आपल्या नात्याविषयीही आहे.

लाइने थुरिंगिया प्रांतातील लाइनेफेल्डे येथे उगम पावते. ग्योटिंगेनवरून उत्तरेस वाहत ती हॅनोव्हरला येते आणि सुमारे २८० किलोमीटरांचा प्रवास करून आलर नदीला मिळते. आलरचे पाणी वेझरमध्ये आणि वेझरचे उत्तर समुद्रात जाते. शहराच्या दक्षिणेस नदीच्या दोन्ही बाजूंना सखल कुरणे, तळी आणि झाडी यांचा जो पट्टा पसरला आहे, त्याला लाइनेमाश म्हणतात. पावसाळी दिवसांत ही भूमी पाणी शोषून घेते. पूर आला की स्वतः पाण्याखाली जाऊन शहराला वाचवते. शहरात शिरताना नदीचे बरेचसे पाणी एका छोट्या जोडप्रवाहातून ईमे नदीत वळते. त्यामुळे मोठ्या पुराचा भार प्रामुख्याने ईमेवर, म्हणजे लिंडेन आणि कालेनबर्गर नॉयश्टाट या दाट वस्तीच्या भागांवर पडतो. फेब्रुवारी १९४६ मध्ये, महायुद्धाने आधीच उद्ध्वस्त झालेल्या या शहरात जो महापूर आला, त्याची आठवण येथील जुनी कुटुंबे अजूनही काढतात.

या नदीने माणसांचे पुष्कळ सोसले आहे. हार्ट्सच्या डोंगरांत शतकानुशतके शिसे, जस्त आणि चांदीच्या खाणी चालल्या. त्यांतील अखेरच्या धातूखाणी १९८८ आणि १९९२ मध्ये बंद झाल्या. तरी खाणींच्या ढिगाऱ्यांतून सुटलेले शिसे आणि कॅडमियम इनरस्टे नदीच्या गाळात आजही आहे, आणि इनरस्टे हॅनोव्हरच्या वरच्या अंगाला लाइनेला मिळते. प्रत्येक पूर हा गाळ उचलून कुरणांवर पसरवतो. खाण बंद करण्यास एक सही पुरते; तिने दूषित केलेली माती स्वच्छ होण्यास पिढ्या लागतात. युरोपीय संघाने डिसेंबर २००० मध्ये पाणीविषयक चौकट-निर्देश लागू केला आणि सर्व नद्या २०१५ पर्यंत 'चांगल्या स्थितीत' आणण्याचे ठरवले. ती मुदत वाढत वाढत २०२७ वर आली. आपल्या मनात शिस्तीचे प्रतीक म्हणून असलेल्या या देशात आजही दहा टक्क्यांहून कमी नद्या-ओढे पर्यावरणाच्या दृष्टीने चांगल्या अवस्थेत आहेत. तेव्हा 'इथे सगळे सरकार पाहते, आपण काय करायचे?' हा आपल्यातला नेहमीचा उद्गार वस्तुस्थितीला धरून नाही.

येथील नदी जितकी सुधारली आहे, त्यात सामान्य नागरिकांचा वाटा मोठा आहे. हौशी मासेमारांच्या संघटना वर्षानुवर्षे ओढ्यांच्या तळाशी खडी-वाळू पसरवतात, कारण अनेक मासे खडीतच अंडी घालतात. लाइनेच्या खोऱ्यातून नाहीसा झालेला सॅल्मन मासा परत यावा म्हणून त्यांनी त्याची पिल्ले पाण्यात सोडली, आणि बंधाऱ्यांना वळसा घालून मासे वर चढू शकतील असे जलमार्ग बांधले जावेत म्हणून पाठपुरावा केला. जर्मनीत ओढा दत्तक घेण्याचीही प्रथा आहे. एखादी शाळा, संस्था किंवा शेजाऱ्यांचा गट ओढ्याच्या एखाद्या भागाचे पालकत्व स्वीकारतो. मग कचरा काढणे, काठावर देशी झाडे लावणे, पाण्याचा रंग वा वास बदलला तर प्रशासनाला कळवणे ही कामे तो नेमाने करतो. यासाठी उत्तम जर्मन येण्याची गरज नाही. रबरी बूट आणि शनिवारची सकाळ पुरते.

तथापि, नदीचे रक्षण म्हणजे केवळ कचरा वेचणे नव्हे. नदीचे भवितव्य खरे पाहता कागदावर ठरते. २०१० च्या सुमारास कालेनबर्गर नॉयश्टाटला पुरापासून वाचवण्यासाठी ईमेचा काठ खोदून पात्र रुंद करण्याचे काम महापालिकेने हाती घेतले. पुराच्या पाण्याला वाट मिळावी म्हणून बेनो ओनेझोर्ग पूलही लांब करण्यात आला. त्यासाठी काठावरची झाडे तोडावी लागली, आणि त्या सावलीत वाढलेल्या रहिवाशांनी तीव्र विरोध केला. येथे एका बाजूला झाडे होती, तर दुसऱ्या बाजूला हजारो लोकांची घरे. दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकावे असेच होते. लोकसहभाग म्हणजे लोकांचे म्हणणे नेहमी खरे असते असे नाही. निर्णय होण्यापूर्वी ते म्हणणे मांडले जावे आणि त्याला कारणांसह उत्तर मिळावे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

लाइनेमाशची अलीकडची कथा याहून कडू आहे. या कुरणांतून शहराचा दक्षिण द्रुतमार्ग जातो. तेथील जुने पूल मोडकळीस आले आहेत, हे सर्वांना मान्य होते. वाद होता तो रस्ता किती रुंद करायचा याचा. नव्या आराखड्यात तो सुमारे १४ मीटरांवरून सुमारे २५ मीटरांवर जाणार होता. २०२३ च्या आरंभी रस्त्यालगतची झाडे तोडली गेली. तरुणांनी झाडांवर घरे बांधून मुक्काम ठोकला, हजारो नागरिकांनी मोर्चे काढले. वर्षअखेरीस नाताळच्या सुमारास संपूर्ण नीडरझाक्सनमध्ये पूर आला आणि याच कुरणांनी पाणी अंगावर घेतले. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०२४ मध्ये, पोलिसांनी ती झाडांवरची वसाहत रिकामी केली. या लढ्यातून एक धडा घेण्याजोगा आहे. आंदोलनाने जोर धरला, तेव्हा आराखड्याला मंजुरी मिळून गेलेली होती. हरकती नोंदवण्याची मुदत शांतपणे येऊन शांतपणेच निघून गेली होती.

ही मुदत काय असते, हे आपण नीट समजून घ्यावे. जर्मन कायद्यानुसार रस्ता, बंधारा वा कालवा यांसारख्या मोठ्या प्रकल्पाचे आराखडे सर्वसाधारणपणे एक महिना जनतेसाठी खुले ठेवले जातात. त्यानंतरच्या दोन आठवड्यांपर्यंत लेखी हरकत घेता येते. हरकत कोणी घ्यावी? ज्याच्या हितसंबंधांना प्रकल्पाचा स्पर्श होतो, त्या प्रत्येकाने. कायद्यात 'प्रत्येक जण' असा शब्द आहे, 'प्रत्येक जर्मन नागरिक' असा नाही. आपल्याकडे निळे भारतीय पारपत्र असो वा तांबडे जर्मन, आपण येथे मतदान करू शकत असू वा नसू, आपल्या घराजवळच्या नदीविषयी लेखी म्हणणे मांडण्याचा अधिकार आपल्याला आहे. तो वापरणारे आपल्यात किती आहेत, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

आणि येथेच महाडची आठवण येते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, हा बोले ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागद पूर्ण होता. तरीही तीन वर्षे अस्पृश्य मानलेल्या एकाही माणसाला ते पाणी घेता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब डॉ. आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्यायले, तेव्हा त्या कागदात प्राण आला. त्यानंतरही नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, खटला झाला, आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल मार्च १९३७ मध्ये लागला. लेखी हक्क आणि वापरातला हक्क यांतील अंतर आपल्या आजोबा-पणजोबांनी पायांनी चालून कापले आहे. आज हॅनोव्हरमध्ये आपल्याला कोणी पाण्यापासून हाकलत नाही. नळ उघडला की पाणी येते. म्हणूनच पाण्याविषयी बोलण्याचा हक्क आपल्याकडून न वापरता पडून राहतो.

बाबासाहेबांची पाण्याविषयीची दृष्टी महाडपाशी थांबली नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी दामोदर खोऱ्यासारख्या योजनांना चालना दिली आणि संपूर्ण खोरे हे नियोजनाचे एकक मानले. युरोपातील चौकट-निर्देशाचा पायाही हाच आहे: नदी प्रांतांच्या सीमा ओळखत नाही, म्हणून व्यवस्थापन खोऱ्यानुसार करावे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला तंटा आला आहे. तेथे तरुण सिद्धार्थ युद्धाचा ठराव नाकारतो आणि उपाय सुचवतो: दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि त्या पाचांनी निवाडा करावा. पाण्याचा प्रश्न संवादाने सोडवण्याची ही रीत आपल्या परंपरेच्या आरंभीच आहे.

एक सावधगिरीची गोष्टही सांगावीशी वाटते. अनेक बौद्ध देशांत पुण्य म्हणून मासे वा कासवे पाण्यात सोडण्याची चाल आहे. हेतू करुणेचा असला तरी दुकानातून आणलेले सोनमासे आणि परदेशी कासवे येथील तळ्यांत बेडकांची अंडी खाऊन टाकतात, देशी जीवांची जागा घेतात. असे सोडणे कायद्यालाही मान्य नाही. करुणेला ज्ञानाची जोड हवी, असे आपण म्हणतो ते अशा वेळी आठवावे.

आपल्यापैकी अनेकांचे मूळ नागपूरच्या परिसरात आहे. १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी दीक्षेसाठी नागपूर का निवडले हे सांगताना नाग लोकांचा आणि नाग नदीचा उल्लेख केला होता. ती नदी आज शहराचे सांडपाणी वाहून नेते. सुट्टीत घरी गेल्यावर तिच्या पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावणारे आपणच असतो. हॅनोव्हरमध्ये नदीसाठी काम करण्याची सवय लागली, तर कदाचित तो रुमाल खिशात ठेवून तेथील नदीकार्यकर्त्यांपाशी जाण्याचे धैर्यही येईल.

म्हणून या अंकाच्या वाचकांना तीन छोटी कामे सुचवतो. आपल्या घराजवळच्या ओढ्याचे नाव शोधून मुलांना सांगावे. महापालिकेच्या अधिकृत सूचनांत पाण्याशी संबंधित आराखडे महिन्यातून एकदा पाहावेत; ज्यांना जर्मन उत्तम येते त्यांनी ते इतरांना मराठीत समजावून द्यावेत. आणि येत्या २० मार्चला, अभिवादनाचा कार्यक्रम आटोपल्यावर, हातमोजे आणि पिशव्या घेऊन ईमेच्या काठी एकत्र जमावे. महाडचा स्मृतिदिन पाण्याच्या काठी साजरा करण्यासारखे दुसरे औचित्य नाही.