रक्ताच्या रिपोर्टमधील ‘मिलिमोल’ म्हणजे काय?

रक्ताच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम मिलिमोलमध्ये आणि कॅल्शियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेले असते. एकाच कागदावर दोन मापे का, असा प्रश्न अनेकांना पडतो.

मोल म्हणजे किती?

डझन म्हणजे १२ नग, तसे १ मोल म्हणजे ६.०२२ × १० चा २३ वा घात इतके कण. यालाच ॲव्होगॅड्रो संख्या म्हणतात. मूलद्रव्याचे जितके मोल असतील, त्यांना या संख्येने गुणले की अणूंची संख्या मिळते. मिलिमोल हा मोलचा हजारावा भाग.

उदाहरण : कॅल्शियम

समजा, तुमचे कॅल्शियम १० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आहे.
• १ लिटरमध्ये : १०० मिलिग्रॅम
• कॅल्शियमचा अणुभार ४०, म्हणून १०० ÷ ४० = २.५ मिलिमोल
• ०.००२५ मोल × ॲव्होगॅड्रो संख्या = सुमारे १.५ × १० चा २१ वा घात इतके अणू (रक्तात ते आयन स्वरूपात किंवा प्रथिनांशी जोडलेले असतात)

म्हणजेच १० आणि २.५ हे एकाच प्रमाणाचे दोन आकडे आहेत. मिलिग्रॅम वजन सांगते, मिलिमोल कणांची संख्या सांगते. शरीरातील रासायनिक क्रिया कणाला कण अशा होतात, म्हणून मिलिमोल उपयोगी पडते.

गोंधळ कुठे होतो?

सर्वांत जास्त गोंधळ साखरेच्या बाबतीत होतो. भारतात साखर मिलिग्रॅममध्ये मोजतात, ब्रिटनमध्ये मिलिमोलमध्ये. ग्लुकोजचा रेणुभार १८० असल्याने मिलिमोल प्रति लिटरला १८ ने गुणले की मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर मिळते.

परदेशातून आणलेल्या ग्लुकोमीटरवर १५ दिसले, तर साखर २७० आहे. ‘साखर फारच उतरली’ असे समजून रुग्णाला साखरपाणी देणे किंवा इन्सुलिन थांबवणे धोक्याचे ठरेल.

काय काळजी घ्यावी?

• आकड्याबरोबर एकक नेहमी वाचा आणि डॉक्टरांना फोनवर तेही सांगा.
• १८ चा नियम फक्त ग्लुकोजसाठी आहे. प्रत्येक घटकाचा गुणक वेगळा असतो.
• रिपोर्टची तुलना त्याच प्रयोगशाळेने छापलेल्या सामान्य मर्यादेशी करा.
• केवळ आकडा पाहून औषधाचा डोस स्वतः बदलू नका.